लाभ, दोन, तीन

आमच्या घरामागच्या खोलीत पूर्वी धान्य असायचं. दमट हवेत भिंतीला अजून बाजरीचा वास येतो. आता तिथं माझं टेबल आहे, कॉम्प्युटरचे दोन पडदे आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या वायरी आहेत, इन्व्हर्टर आहे आणि वीज कधी गेली, कधी आली हे लिहायची एक वही आहे. खिडकीतून आधी पाट दिसतो, मग ऊस, मग रेल्वेचा रूळ. श्रीरामपूर स्टेशन तिथून दीड किलोमीटर. गाडी येते तेव्हा आधी खिडकीची काच थरथरते, आणि गाडी मागाहून दिसते.

या खोलीत बसून मी काय करते ते मला घरात कुणाला नीट सांगता आलेलं नाही. इथं प्रयत्न करते.

लोकांचे पैसे गोळा करून शेअर बाजारात गुंतवणाऱ्या मोठ्या संस्था असतात. त्यांना शेअर घ्यायचे किंवा विकायचे असले तर ते ब्रोकरमार्फत करावे लागतात. मी एका ब्रोकरकडे नोकरीला आहे. पूर्वी संस्थेतला माणूस ब्रोकरच्या माणसाला फोन करायचा : अमुक शेअर, इतके, या भावाला घ्या. हा लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा. एकोणसाठचं एकोणसत्तर ऐकू आलं की दिवसभर भांडण. आता संस्थेचं यंत्र आमच्या यंत्राला परस्पर सांगतं. दोघांच्या मध्ये एक लाइन असते. ती लाइन जोडायची, तपासायची, आणि हिच्यातून जे जातं तेच पलीकडे पोचतं असं सही करून सांगायचं, हे माझं काम.

या यंत्रांची भाषा जगभर एकच आहे आणि ती आकड्यांची आहे. पस्तीस बरोबर डी म्हणजे नवी ऑर्डर. चोपन्न बरोबर एक म्हणजे खरेदी, दोन म्हणजे विक्री. अडतीस म्हणजे किती नग, चव्वेचाळीस म्हणजे काय भाव. आणि चौतीस म्हणजे निरोपाचा क्रमांक. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, आणि मधला एक जरी चुकला तरी पलीकडचं यंत्र थांबून म्हणतं, सातवा मिळाला नाही, सातव्यापासून परत सांग. माणसं इतक्या सभ्यपणे बोलली असती तर माझी निम्मी नातलगमंडळी अजून एकमेकांकडे जेवायला गेली असती.

मला या सगळ्यात आवडतो तो ठोका. दोन्ही यंत्रांकडे सांगण्यासारखं काही नसलं, तरी दर तीस सेकंदांनी एक यंत्र दुसऱ्याला एक रिकामा निरोप पाठवतं. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे. दुसरंही पाठवतं, मीही आहे. ठोका चुकला तर पहिलं विचारतं, आहेस का? उत्तर आलं नाही तर लाइन सोडून देतं. दुपारी बाजार मंद असतो तेव्हा पडद्यावर नुसते ठोके सरकत राहतात. मी टेबलाशी असते, खिडकीपाशी खाटेवर माझे सासरे झोपलेले असतात, उसावरून वारा जातो तेव्हा पाटातलं पाणी चालू आहे की बंद तेही कळेनासं होतं. तीस सेकंदांत मामांचे सात श्वास होतात. कधी सहा. मी मोजले आहेत. अशा वेळी मला पडद्यावरचा ठोका आणि खाटेवरचा श्वास यांतला कुठला कुणाचा हे क्षणभर सांगता येत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही. मुंबईतलं ते यंत्र मी कधी पाहिलेलं नाही. पण ते आहे, हे मला घरातल्या माणसाइतकं ठाऊक असतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे जाताना मधे उभं राहून तो मोजणारा माणूस म्हणजे मापाडी. तो ना याचा, ना त्याचा. चौतीस वर्षं त्यांनी ते केलं. आधी पायलीनं मोजलं, मग काट्यावर पोती मोजली, आणि मोजताना पहिल्या मापाला त्यांनी आयुष्यात कधी ‘एक’ म्हटलं नाही. ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. आमच्याकडची जुनी माणसं सगळी तशीच मोजतात. मामांच्या तोंडी ते ‘लाब’ होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, असं का.

"एक म्हनलं की एकच राहतं पोरी," ते म्हणाले. "लाब म्हनलं की वाढतं."

निवृत्त झाल्यावर त्यांच्यापुढं माप उरलं नाही, सवय उरली. पाटावरचे बगळे, नेवाशाकडं जाणाऱ्या एसट्या, मालगाडीचे डबे, काहीही ते मोजतात. लाब, दोन, तीन. एकाच सुरात, डोळे अर्धे मिटून. आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी तो सूर बसला आहे. पोळ्या मोजतानाही मी पहिलीला लाभच म्हणते.

आता जे सांगायचं आहे ते या खोलीत मी कशी राहिले त्याचं.

टाळेबंदीच्या आधी अकरा वर्षं मी ठाण्याला राहत होते. तीन बायकांत एक खोली. नवरा नेवाशाच्या शाळेत शिक्षक, मुलगी इथं आजीजवळ, मामा इथं. मी महिन्यातून दोनदा यायचे. एकदा मी हिशेब केला होता. वर्षाच्या चोवीस खेपा, अकरा वर्षांच्या दोनशे चौसष्ट. दर खेपेला दीड दिवस. म्हणजे तीनशे शहाण्णव दिवस. अकरा वर्षांत मी माझ्या घरात एक वर्ष आणि एक महिना राहिले. तेवढ्यात मुलीची दहावी झाली, आणि सासूबाई गेल्या. मी पोचले तेव्हा माणसं परत निघाली होती.

मग टाळेबंदी आली, सगळ्यांना घरी पाठवलं, आणि मी ही धान्याची खोली रिकामी करून घेतली. मुलगी पुढं पुण्याला शिकायला गेली. दिवस असे गेले की मधली अकरा वर्षं दुसऱ्या कुणाची तरी होती असं वाटायला लागलं. सकाळी अकरा वाजता आपल्या अंगणात ऊन कुठवर येतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि मागच्या हिवाळ्यात ऑफिसातून पत्र आलं. एक तारखेपासून सगळ्यांनी मुंबईच्या ऑफिसात हजर व्हावं.

मी साहेबांना फोन केला. माणूस बरा आहे, फक्त घाईचा.

"मॅडम, सवलत मिळू शकते," ते म्हणाले. "पण वरच्यांना पुरावा पाहिजे. ही जी नवी गुंतवणूक संस्था येतेय ना, तिची लाइन तुम्ही पूर्ण घरून सुरू करून दाखवा. शनिवारी शेवटची तपासणी, सोमवारी चालू. शनिवारी दुपारी एकच्या आत बारापैकी बारा ऑर्डरी बरोबर, तुमची सही. तेवढं झालं की मी सवलतीचा अर्ज वर पाठवतो."

"आणि नाही झालं तर?"

"तर एक तारखेला चहा इथंच घेऊ."

नवऱ्याला सांगितलं. तो वह्या तपासत होता. हातातली वही मिटून म्हणाला, "माळ्यावरची बॅग काढून ठेवू का?"

"शनिवारपर्यंत राहू दे की."

"राहू दे म्हणजे, तिचं चाक तुटलंय. दुरुस्तीला द्यायची तर आत्ताच द्यायला पाहिजे." मग माझं तोंड बघून म्हणाला, "नाही काढत."

मामांना मी काही सांगितलं नाही. त्यांना ऐकायला कमी येत नाही, पण ऐकलं तरी ते काही बोलत नाहीत.

शनिवार उजाडला तो धुक्यात. दहा वाजले तरी ऊस दिसत नव्हता, नुसते वरचे तुरे दिसत होते, कशालाच न धरता हवेत ठेवल्यासारखे. चर्चची घंटा पाण्याखालून यावी तशी आली. मामांची खाट मी खिडकीच्या आणखी जवळ सरकवली, म्हणजे ऊन आलं की त्यांच्या पायावर येईल. साडेदहाला मी मशीन लावलं.

तपासणी अशी असते. शनिवारी खरा बाजार बंद असतो, पण सरावासाठी बाजाराचं यंत्र दुपारी एकपर्यंत चालू ठेवतात. संस्थेच्या बाजूची मुलगी आणि मी फोनवर. दोघींपुढं एकच कागद, त्यावर बारा ऑर्डरी. मी क्रमांक बोलायचा, तिनं ती ऑर्डर पाठवायची. बारा झाल्या की दोघींनी आपापल्या पडद्यावर काय आलं ते कागदाशी ताडून बघायचं. ती गिरगावची, पंचविशीतली, बोलायला चुरचुरीत. तीन आठवडे आम्ही सरावाच्या लाइनवर हेच करत होतो. आज पहिल्यांदा खऱ्या लाइनवर करायचं होतं, जी सोमवारी चालू होणार होती.

लाइन लागली. यंत्रांनी एकमेकांना ओळख दिली. ठोके सुरू झाले. मी आहे. मीही आहे.

"मॅडम, तयार. तुमच्या तोंडाकडे बघत बसलेय," ती म्हणाली.

"फोनवर?"

"कल्पनेनं हो."

तेवढ्यात काच थरथरली. धुक्यातून मालगाडी निघाली, फार हळू, एकेक डबा विचार करून बाहेर पाठवल्यासारखा. माझी नजर पडद्यावरून तिकडं गेली. खाटेवर मामांचा सूर लागला. लाब. डबा धुक्यात विरला, दुसरा आला. दोन. आणि माझ्या तोंडून, त्यांच्याच सुरात, त्यांच्यामागोमाग गेलं, "लाब."

"हं? ... ओके," ती म्हणाली.

"दोन," मी म्हणाले. "तीन." नजर पडद्यावर परत आली होती. "चार." ऑर्डरी येताना दिसत होत्या, ठोक्यांच्या मधे मधे, पाटाच्या पाण्यात सोडलेल्या पानांसारख्या. बारापर्यंत गेलो तेव्हा गाडी संपली होती. मामा म्हणाले, "बेचाळीस," आणि पाय गोधडीत ओढून घेतले.

मी ताडायला बसले. कागदावर बारा. माझ्याकडे अकरा.

पहिली नव्हती.

मी क्रमांक बघितले. निरोपांच्या क्रमांकांत कुठंही खाच नव्हती. ओळखीचा निरोप क्रमांक एक, मग ठोके, मग ऑर्डर दोन, ऑर्डर तीन, सगळं सलग. एखादी ऑर्डर वाटेत हरवली असती तर मधला क्रमांक गेला असता आणि माझ्या यंत्रानं ती परत मागितली असती. त्यानं काही मागितलं नव्हतं. त्याच्या मते त्याला सगळं मिळालं होतं.

"तुमच्याकडे किती?" मी विचारलं.

"बारा पाठवल्या. बाराच्या पोच आल्या."

"पहिलीची पोच आली?"

"आली ना. स्वीकारली म्हणून आलीय."

स्वीकारली कुणी? मी तर स्वीकारली नव्हती. आम्ही परत बघितलं. तिनं तिच्या बाजूच्या नोंदी उघडल्या, मी माझ्या. सव्वाअकरा झाले, पावणेबारा झाले. धुकं उठलं. दोघी खरं बोलत होतो आणि दोघींचा मेळ बसत नव्हता. मला ते स्वप्नात जिना चढण्यासारखं वाटायला लागलं. बारा पायऱ्या चढून वर जावं, मागं वळून मोजावं, तर अकरा.

बाराला साहेबांचा फोन आला.

"मॅडम, अकरा आल्यात ना बरोबर?"

"अकरा आल्यात."

"मग पहिली सुरुवातीची गडबड. परत एकदा तेवढी एकच पाठवायला सांगा, बारा होतील, सही करा."

"ती कुठं गेली ते कळल्याशिवाय नाही करता येणार, साहेब. तिला पोच आलीय. म्हणजे ती कुणीतरी घेतलीय. सोमवारी खरी ऑर्डर अशी गेली तर?"

"मॅडम, एक वाजता सरावाचं यंत्र बंद होईल. सही नसेल तर सोमवार गेला. सोमवार गेला की तुमचा अर्जही... मी तुमच्या बाजूनं बोलतोय."

"माहीत आहे साहेब."

फोन ठेवला. सही करायला पेन लागत नाही, एक खूण करून बटण दाबायचं असतं. मी त्या बटणाकडे बघत होते. ते दाबलं की हे ऊन माझं, ही खोली माझी. आणि ती पहिली ऑर्डर कुठंतरी असणार होतीच, मला न सापडलेली, कुणीतरी स्वीकारलेली. अंगणात कुणाची तरी शेळी आली होती. तिला हाकलायला उठावं असंही सुचलं नाही.

साडेबाराला मी त्या मुलीला परत फोन लावला. हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"एकेक करून वाचा," मी म्हणाले. "पोच कशाची आली, क्रमानं."

"वाचते. लॅबची आली. दोनची आली. तीनची आली. चारची..."

मी कागदावर खुणा करत होते. खाटेवरून मामा खुदकन हसले.

"बघ," ते म्हणाले, "मुंबैची पोरगी बी लाब म्हनती! कोन म्हनतं, रीत मोडली म्हनून."

माझा हात थांबला.

मी इतकी त्या शब्दात मुरले आहे, की तिनं ‘एकची आली’ असं न म्हणता दुसरंच काही म्हटलं हे माझ्या कानाला टोचलंच नव्हतं. कानानं ते आपल्या घरचं म्हणून आत घेतलं होतं. पण गिरगावच्या मुलीनं लाभ कशाला म्हणावं?

"थांबा," मी म्हणाले. "पहिलीला तुम्ही काय म्हणालात?"

"लॅब."

"लॅब म्हणजे काय?"

"म्हणजे काय, मॅडम? सरावाची लाइन. आम्ही तिला लॅबच म्हणतो. तुम्ही सुरुवातीला ‘लॅब’ म्हणालात, म्हणून पहिली ऑर्डर मी लॅबच्या लाइनवर टाकली. मग तुम्ही ‘दोन’ म्हणालात, तेव्हापासून खऱ्या लाइनवर. मला वाटलं, आधी एक सरावाला टाकून बघायची तुमच्याकडे पद्धत असेल."

पद्धत होतीच. फक्त ती नव्हे.

आमचं सरावाचं यंत्र शनिवारी कुणी बघत नसतं, पण ते चालू असतं. मी त्याच्या नोंदी उघडल्या. तिथं ती होती. एकटी, तीन आठवड्यांच्या सगळ्या जुन्या ऑर्डरींच्या शेवटी, दहा बत्तीसला आलेली, रीतसर स्वीकारलेली. यंत्रांनी काही चुकवलं नव्हतं. त्या दोन्ही लाइनी, ती मुलगी, सगळे बरोबर होते. माझ्या तोंडातून बाजरीच्या पायलीचा शब्द गेला होता, एवढंच.

"मॅडम? आहात का?"

"आहे. सगळ्या बारा परत करू. वेळ किती?"

"बारा एकेचाळीस. पळू या."

पहिलीच्या वेळी मी "एक" म्हणाले. मुद्दाम, ठणठणीत. माझ्या पाठीमागं खाट करकरली.

"पयल्यालाच एक?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "न्हाई गं पोरी. आसं नगं."

मी फोनवर तळहात धरला. "मामा, त्यांना कळत नाही ते."

"त्यास्नी न्हाई कळत, तर मी म्हनतो." आणि माझ्या हाताआड, अगदी हळू, फोनमध्ये जाणार नाही इतकं हळू, ते म्हणाले, "लाब."

पडद्यावर पहिली ऑर्डर आली. मी हात काढला. दोन. तीन. उन्हाचा पट्टा टेबलावर चढला होता आणि त्यात बाजरीची म्हणा, भिंतीची म्हणा, धूळ फिरत होती. बारा एकावन्नला बारावी आली. ताडलं. बारापैकी बारा. चार मिनिटं उरली असताना मी खूण करून बटण दाबलं.

पुढं अहवाल लिहायचा असतो. त्यात ‘पहिली फेरी फसण्याचं कारण’ असा रकाना आहे.

"मॅडम, कशाला लिहिताय?" ती मुलगी म्हणाली. "मी लिहिते ना, संस्थेच्या बाजूनं चुकीची लाइन निवडली म्हणून. मला काय, ओरडतील आणि जेवायला जातील."

"तुम्ही ऐकलं ते केलं."

"पण मी विचारायला पाहिजे होतं ना?"

"ते तुमच्या अहवालात लिहा. माझं मी लिहिते."

मी लिहिलं : ब्रोकरच्या बाजूने तपासणी करणारीने, म्हणजे मी, पहिल्या ऑर्डरला ‘एक’ ऐवजी ‘लाभ’ असे म्हटले. धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला तसे म्हणतात. समोर ते ‘लॅब’ असे ऐकू गेले.

तासाभरानं साहेब.

"मॅडम, हे मी वाचलं. दोनदा वाचलं. बारापैकी बारा झाल्यात. हा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो."

"नको साहेब."

"घरी राहायचंय ना तुम्हाला?"

"म्हणूनच. ऑफिसात माझ्या मागं दहा माणसं असतात. इथं कुणी नाही. मी कागदावर खरं लिहिते एवढ्यावरच तुम्ही मला इथं ठेवणार. तेच काढलं तर मग मला तिकडंच बोलवा."

"कारणाच्या रकान्यात लाभ," ते म्हणाले. " वर काय सांगू मी?" आणि फोन ठेवला.

सोमवारी लाइन सुरू झाली. सव्वानऊला बाजार उघडला आणि पहिली खरी ऑर्डर आली, गेली, पोच परतली. त्या एका ऑर्डरीच्या पलीकडे किती माणसांचे पैसे असतील याचा मी विचार करत नाही. माझ्या अर्जाचं काही कळलं नाही. मंगळवार गेला. मी रोजचं काम केलं, पण घराकडे बघायची माझी नजर परत पाहुणीची झाली. तुळशीला पाणी घातलं तरी वाटायचं, हे आता कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं. दुपारी ठोके सरकायचे आणि मी अर्धवट झोपेत ठाण्याच्या खोलीत असायचे, खिडकीतून ऊस बघत. त्या खोलीला खिडकी नव्हती.

गुरुवारी पत्र आलं. एका वर्षासाठी घरून काम करण्यास परवानगी. खाली अट होती. तपासणीच्या वेळी दूरध्वनीवर सर्व आकडे इंग्रजीतच उच्चारावेत.

नवरा शाळेतून आला तेव्हा मी पत्र दाखवलं. त्यानं ते पूर्ण वाचलं, शिक्षक वाचतो तसं, बोट ठेवून. मग म्हणाला, "वर्षभरच आहे."

"वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आहेत," मी म्हणाले. "अकरा वर्षांत मिळाले त्याच्यापेक्षा फक्त एकतीस कमी."

तो चप्पल घालून बाहेर गेला आणि जिलबी घेऊन आला.

मामांना सांगायचं राहिलं होतं. त्यांना काही ठाऊकच नाही अशा समजुतीनं मी संध्याकाळी त्यांच्यापुढं बशी ठेवली.

"कशाची?"

"मी ठाण्याला जाणार होते एक तारखेपासून. आता नाही जायचं."

त्यांनी बशी घेतली नाही. कपाळावर हात ठेवला.

"आता गं?"

"आता काय?"

"आगं, मी त्या कोपऱ्यावरच्या डबेवाल्या बाईला सांगून आलो ना. एक तारखेपासून डबा दे म्हनून. दोन चपात्या, एक भाजी. तुज्या नवऱ्याला तर चा बी धड येत न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं मी जाणार म्हणून?"

"कोनी न्हाई. तू चार दिस पोळ्या मोजायची बंद झाली हुतीस."

नवरा आतून म्हणाला, "मला चहा बी येत नाही म्हणे! काल कुणी केला?"

"त्यालाच चा म्हनायचं का?"

"मग नाही म्हणून सांगते मी तिला," मी म्हणाले.

"तसं कसं? ती बाई एकटी हाय. तिनं माझ्या नावावर पीठ भरलं आसंल. महिनाभर घेऊ."

म्हणून एक तारखेला साडेबाराला डबा आला. स्टीलचा, तीन खणांचा, गरम. मी बाजारावर एक नजर टाकून स्वयंपाकघरात आले. कामाच्या दिवशी, भर दुपारी. मामांनी खण सोडले आणि वांग्याची भाजी तिघांत वाटली, कारण त्या दिवशी नवऱ्याच्या शाळेला सुट्टी होती आणि तो जिथं जेवण असेल तिथं असतो.

मामांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"तुज्यापरीस बरी करती," ते म्हणाले.

मी चाखून बघितली. खरं होतं. मी आणखी भाजी घेतली.